कोर्टाची पायरी : जजसाहेबांच्या डोक्यातली बाई

गेल्या अंकात पोटगीवर लिहिलं आणि या महिन्यात टेबलावर पत्रं, ईमेल, व्हॉट्सॲपचे प्रिंटआऊट असा ढीग झालाय. गंमत म्हणजे त्यात पोटगीबद्दल मोजकंच आहे, बाकी सगळे एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारतायत की कायदा ठीक आहे हो ताई, पण वर खुर्चीत बसलेल्या माणसाला बायकांबद्दल काय वाटतं त्यावर निकाल ठरतो का? म्हणून या वेळचा अंक त्यालाच. नावं नेहमीसारखी काढलीत, गावं ज्यांनी चालेल म्हटलं त्यांचीच ठेवलीत.

प्रश्न : ताई, माझी घटस्फोटाची केस चार वर्षं चालू आहे. मागच्या तारखेला साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, एवढ्या शिकलेल्या आहात, सासूचे चार शब्द ऐकून घेतले असते तर काय बिघडलं असतं, आमच्याही घरी असंच असतं. माझे वकील खाली मान घालून उभे होते, मीही गप्प बसले. आता निकाल माझ्या विरुद्धच जाणार का? (गावाचं नाव नको)

उत्तर : तुम्ही गप्प बसलात त्यात तुमचं काही चुकलं नाही, तिथे उभं राहिल्यावर भल्याभल्यांची वाचा बसते, मी तेवीस वर्षं काळा कोट घालतेय आणि अजून मलासुद्धा कधीकधी घरी आल्यावर, चहा टाकताना सुचतं की अरे हे बोलायला हवं होतं. निकाल विरुद्धच जाईल असं काही नाही. असं फटकन बोलणारे जज लिहायला बसले की कागदावर एकदम चोख लिहितात हे मी पाहिलंय, आणि कायम "ताई बसा, पाणी घ्या" म्हणणाऱ्या साहेबांच्या निकालात शेवटच्या चार पानांत काय काय निघालंय तेही पाहिलंय. पण तुमची भीती खोटी नाही.

हे आपल्याकडे नवीन नाही. रखमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल. अकराव्या वर्षी लग्न झालं, नवऱ्याकडे नांदायला गेल्याच नाहीत, आणि १८८४ साली नवऱ्याने, म्हणजे दादाजी भिकाजीने, मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायको माझ्याकडे पाठवा. १८८५ मध्ये जस्टिस पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं साधारण असं की ही बाई याच्याकडे कधी राहिलीच नाही तर "परत" कसली पाठवायची, आणि तिच्या मनाविरुद्ध तिला ढकलणं हे रानटीपणाचं आहे. त्यावर अपील झालं, अपिलात केस पुन्हा चालवायला पाठवली, आणि १८८७ मध्ये जस्टिस फॅरन यांनी उलटं सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बाई तीच, नवरा तोच, लग्न तेच, हायकोर्टही तेच. शेवटी १८८८ मध्ये दादाजीला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि त्या पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. फॅरन वाईट माणूस होता असं मला म्हणायचं नाहीये, त्याला कायद्यात तेच दिसलं. प्रश्न हाच आहे की एकाला कायद्यात काय दिसतं आणि दुसऱ्याला काय.

आता तुमच्या केसकडे या. हिंदू विवाह कायद्यात "क्रूरता" हा शब्द आहे पण क्रूरता म्हणजे काय याची यादी नाही. यादी नाही म्हणजे जागा मोकळी आहे, आणि त्या मोकळ्या जागेत जज स्वतःचं घर आणून बसवतो. आई, बहीण, बायको, सून. साहेब तुम्हाला बोलूनच गेले ना, आमच्याही घरी असंच असतं. ते चुकून खरं बोलले.

वरच्या कोर्टांत सुद्धा हे दिसतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका घटस्फोटाच्या निकालात म्हटलं की हिंदू समाजात मुलाने आईवडिलांना सांभाळायचं ही रीत आहे आणि पुरेसं कारण नसताना बायकोने त्याला वेगळं राहायला भाग पाडणं ही क्रूरता. ऑक्टोबर २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने ४९८अ ची, म्हणजे सासरच्या छळाची, केस रद्द करताना म्हटलं की लग्न झालेल्या बाईला घरासाठी काम सांगितलं म्हणजे मोलकरणीसारखं वागवलं असं होत नाही, आणि काम करायचंच नव्हतं तर लग्नाआधी सांगायचं होतं. आणि मग सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टात नवरा म्हणत होता की बायको सारखी फोनवर असते, घरकाम करत नाही, तर दोन न्यायमूर्तींनी सांगितलं की आजच्या काळात घरकामाचा भार दोघांनी सारखा उचलायचा, आणि त्याचं अपील फेटाळलं. वर्षभराचं सुद्धा अंतर नाही दोन निकालांत! कायद्याचं पुस्तक मधल्या काळात बदललेलं नव्हतं.

(औरंगाबादच्या निकालाबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, त्यात कोर्टाचा दुसरा मुद्दा रास्त होता, की "मानसिक व शारीरिक छळ केला" एवढंच लिहून भागत नाही, नेमकं काय केलं ते लिहायला हवं. मी शंभरेक फिर्यादी वाचल्या असतील, निम्म्यांत तेच एक वाक्य असतं, जणू पोलीस स्टेशनात त्याचा रबरी शिक्का आहे.)

म्हणून काय करायचं ते ऐका. एक, कोर्टाच्या रोजनाम्याची नक्कल काढा. साहेब दहा मिनिटं जे बोलले त्याचं रोजनाम्यात बहुधा एवढंच असेल, "उभय पक्ष हजर. समेटाबाबत चर्चा. पुढील तारीख." म्हणजे कागदावर ते बोललेच नाहीत, आणि जे कागदावर नाही त्यावर वर अपील होत नाही. पुढच्या वेळी असं झालं तर वकिलांना सांगा की त्याच दिवशी छोटा अर्ज टाका, भांडणाचा नको, नुसतं की आज समेटाबाबत अमुक चर्चा झाली, अर्जदाराची समेटाची तयारी नाही, कृपया पुराव्याला नेमावं. अर्ज एकदा दाखल झाला की त्यावर काहीतरी ऑर्डर करावीच लागते. आणि तुमचं पुराव्याचं शपथपत्र अजून दिलं नसेल तर त्यात "त्रास दिला" हे वाक्य खोडा आणि त्या जागी तारीख, वार, खोली, कोण कुठे उभं होतं, तुम्ही त्या दिवशी ऑफिसला गेलात की नाही, हे लिहा. जितका तपशील भराल तितकी ती मोकळी जागा कमी उरते, हे मी अनुभवाने सांगते.

केस दुसऱ्या कोर्टात वर्ग करून मागता येते, पण एका शेऱ्यावर क्वचित मिळते, आणि नाही मिळाली तर परत त्यांच्याच समोर उभं राहायचं असतं. तो हुकमाचा पत्ता आहे, पहिल्या डावात टाकू नका.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी कोल्हापूरला लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वर्गात वाद झाला. मी म्हटलं कोर्टात निम्म्या बायका जज आल्या की हा प्रॉब्लेम संपेल. सर हसले. मी चुकीची आहे का?

उत्तर : तू निम्मी बरोबर आहेस, आणि सर का हसले ते सरांना माहीत.

आधी तुझ्या बाजूचं. सुजाता मनोहर १९७८ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या आणि पुढे सुप्रीम कोर्टात गेल्या, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा १९९७ चा विशाखा निकाल ज्या तिघांच्या बेंचने दिला त्यात त्या होत्या. राजस्थानात एका साथिनीवर, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावच्या कार्यकर्तीवर, अत्याचार झाला, त्यातून ती याचिका आली (आरोपींना १९९५ मध्ये जयपूरच्या कोर्टाने सोडलं), आणि आज तुझ्या कॉलेजात जी तक्रार समिती आहे ती त्याच निकालाच्या पोटातून निघाली. फॅमिली कोर्टाच्या १९८४ च्या कायद्यात तर लिहिलंयच की जज नेमताना स्त्रियांना प्राधान्य द्या. म्हणजे कायदा करणाऱ्यांना पण तुझ्यासारखंच वाटलं होतं.

आता दुसरी बाजू. जानेवारी २०२१, नागपूर खंडपीठ. बारा वर्षांच्या मुलीच्या अंगाला कपड्यांवरून हात लावला, तर त्वचेचा त्वचेला स्पर्श नाही म्हणून तो पॉक्सोखालचा, म्हणजे मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याखालचा, लैंगिक अत्याचार नाही, नुसता विनयभंग, असा निकाल आला. शिक्षा तीन वर्षांवरून एक वर्षावर आली. न्यायमूर्ती महिला होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल उलटवला, की त्वचेचं काय घेऊन बसलात, हेतू बघा, आणि ते निकालपत्र लिहिलं बेला त्रिवेदींनी, त्याही महिलाच. त्याच वर्षी मे महिन्यात म्हापशाच्या सेशन्स कोर्टात एका नामांकित संपादकाला बलात्काराच्या आरोपातून निर्दोष सोडलं गेलं, तिथेही जज महिला. कोणाला सोडायचं तो त्यांचा अधिकार, त्यावर गोवा सरकारने हायकोर्टात अपील केलं. मला खटकलं ते वेगळंच, पाचशेवर पानांच्या त्या निकालात घटनेनंतरच्या फोटोंत तक्रारदार मुलगी कशी दिसते, खचलेली वाटते की नाही, यावर चर्चा आहे.

आपण सगळ्याजणी एकाच चाळीत वाढलोय गं. खुर्चीत बाई बसली म्हणून तिच्या डोक्यातली "चांगली बाई" आपोआप उठून जात नाही, उलट कधीकधी वाटतं की मी हे सगळं सोसून इथवर आले तर हिला काय झालं. माझ्याच पहिल्या सीनियर, बाईच, मला सांगायच्या की अशील बाईला कोर्टात साडी नेसून आण, पंजाबी ड्रेस नको. त्यांना खात्री होती की त्याने फरक पडतो. आणि खरं सांगू, पडायचाही.

तरीही बायका हव्यातच, आणि भरपूर हव्यात, पण त्या चांगल्या निकालाची गॅरंटी म्हणून नकोत. एकटी असली की तिला सतत सिद्ध करावं लागतं की मी बायकांची बाजू घेत नाही हं, दहा असल्या की ती भानगड संपते. आणि तू स्वतः परीक्षा देणार असशील तर उत्तनच्या ज्युडिशियल ॲकॅडमीतलं ट्रेनिंग झोपून काढू नकोस.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक, नाशिक. तुमचं सदर नियमित वाचतो. आपण कायम स्त्रियांची बाजू मांडता. प्रत्यक्षात कोर्टात पुरुषाचं कोणी ऐकत नाही. माझ्या मुलाला त्याची सहा वर्षांची मुलगी महिन्यातून दोन रविवार भेटते. हा न्याय काय? न्यायाधीशांची सहानुभूती आधीच ठरलेली असते.

उत्तर : काका, तुम्हाला वाटेल आता ही भांडणार, पण मला तुमचं बरंच पटलंय. जजच्या डोक्यात बाईचं एक चित्र ठरलेलं असतं म्हणजे पुरुषाचं पण असतंच की. ती रडणारी, तो कमावणारा. ती मूल सांभाळणार, तो फी भरणार.

१९८३ मध्ये गुजरातच्या लैंगिक अत्याचाराच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की पीडितेच्या जबाबाला दुसरा पुरावा हवाच असं म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ, आणि ते अगदी बरोबर होतं, पण कारण काय दिलं तर पाश्चात्त्य देशांतली बाई खोटं बोलू शकेल, भारतीय बाई इज्जतीपायी असं खोटं बोलणार नाही. आम्ही त्या निकालाचा वर्षानुवर्षं उपयोग केला आणि त्याच चित्राने आमचा घातही केला, कारण मग जी बाई इज्जतीला जपणारी वाटत नाही तिचं काय? जून २०२० मध्ये कर्नाटक हायकोर्टाने अटकपूर्व जामीन देताना लिहिलं की अत्याचारानंतर थकून झोप लागली असं ती म्हणते, भारतीय स्त्रीला हे शोभत नाही. पुढे ते वाक्य निकालातून काढून टाकलं. पण बघा ना, सदतीस वर्षांपूर्वी जी "भारतीय स्त्री" तिच्या बाजूने उभी केली होती तीच तिच्यावर सोडली.

आणि व्यभिचाराचं ४९७ कलम आठवा. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवला तर फक्त पुरुषाला शिक्षा, बाईला नाही. तुम्ही म्हणाल बघा, पुरुषांवर अन्याय! होताच. पण कलमात असंही होतं की तिच्या नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही, म्हणजे बाई ही नवऱ्याची वस्तू, विचारून घेतली तर चोरी नाही. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी हे कलम कायम ठेवलं, आणि त्यात म्हटलं की नादाला लावणारा पुरुष असतो, बाई नव्हे, हे सर्वसाधारणपणे मानलं जातं. आता गंमत म्हणजे हेच चंद्रचूड, हेच १९८५ साल, शाहबानो यांना पोटगी देणारा निकालही यांचाच. एकच माणूस एका ठिकाणी काळाच्या पुढे आणि दुसऱ्या ठिकाणी "सर्वसाधारणपणे मानलं जातं" वर थांबलेला. २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींनी ४९७ रद्द केलं, त्यात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते, वडिलांचा निकाल मुलाच्या बेंचने पुसला. आपल्याकडे सहसा मुलगा वडिलांचं जुनं कपाटसुद्धा हलवत नाही!

मुलाच्या केसबद्दल. पाच वर्षांपर्यंतचं मूल शक्यतो आईकडे, हे कायद्यातच आहे. तुमची नात सहा वर्षांची, म्हणजे तो मुद्दा संपला, आता फक्त मुलीचं हित कशात आहे एवढंच बघायचं. पुन्हा मोकळी जागा, काका. माझ्याकडे एक अशील होता, बाप, रिक्षा चालवायचा. साहेबांनी भर कोर्टात विचारलं, मुलगी नेऊन करणार काय, डबा करता येतो? वेणी घालता येते? लोक हसले. तो म्हणाला, घालतो ना साहेब, साधी घालतो, पाचपेडी पण येते, चौथीत असताना धाकट्या बहिणीची मीच घालायचो. साहेबांनी एकदम पेन खाली ठेवलं. त्या दिवशी भेटीचे दिवस वाढवून मिळाले. पण मला तेव्हापासून डोक्यात बसलंय की आईला कोणी विचारलं नव्हतं, तुम्हाला वेणी येते का.

तर तुमच्या मुलाला सांगा, भेटीच्या दिवसांत मॉल आणि पिझ्झा एवढंच करू नको, तिची वही तपास, शाळेच्या पालकसभेला जा, डॉक्टरचे कागद जवळ ठेव, तिच्या बाईंशी बोल. आणि मग भेटी वाढवून मिळण्याचा अर्ज टाका. "आजकाल बायकांचंच ऐकतात" हे वाक्य अर्जात घालू नका, त्याने साहेबांच्या डोक्यातलं चित्र घट्ट होतं फक्त.

प्रश्न : आमची आई रस्त्यावरच्या अपघातात गेली. विमा कंपनीचे वकील म्हणतात मयत गृहिणी होती, उत्पन्न शून्य. असं असतं का? (कराड)

उत्तर : नसतं. हे वाचून वाईट वाटलं, आणि रागही आला.

२००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने जमशेदपूरच्या आगीत गेलेल्या गृहिणींच्या कामाची किंमत महिना तीन हजार धरली होती, तेव्हा तेही लोकांना जास्त वाटलं. २०१० च्या एका निकालात कोर्टाने यावर टीका केली की आपल्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलंय. आणि ५ जानेवारी २०२१ च्या निकालात सरळ आकडे दिलेत, सरकारच्याच पाहणीतले, की बाई रोज २९९ मिनिटं घरातलं बिनपगारी काम करते आणि पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे त्यांच्या वकिलांना सांगा, पाच तासांची ड्युटी आहे ही, रविवार धरून.

तुमच्या वकिलांकडून या निकालांच्या प्रती ट्रिब्युनलपुढे ठेवा. आणि पुरावा द्या. आई शिवण करायची का, म्हैस होती का, डेअरीचं दुधाचं कार्ड कोणाच्या नावावर होतं, आजोबांना इन्सुलिन कोण टोचायचं, आता स्वयंपाकाच्या मावशी किती घेतात त्याची चिठ्ठी, शेजारच्या काकूंचा जबाब. "आई सगळंच करायची" असं साक्षीत म्हणू नका. सकाळी साडेपाचपासून रात्री दहापर्यंत काय ते क्रमाने सांगा.

प्रश्न : माझ्या भाचीने तक्रार केली आहे, केस उभी राहिली आहे. पुढच्या महिन्यात तिची साक्ष. ती म्हणते मावशी, ते मला विचारतील की तू ओरडली का नाहीस. जज पण तसंच बघतील का? (गाव देऊ नये)

उत्तर : विचारतील. आरोपीचा वकील विचारणारच, ते त्याचं काम आहे. जज कसं बघतील हे मी लिहून देऊ शकत नाही, पण कायदा कुठून कुठे आलाय ते तिला सांगा, तिला बळ येईल.

१९७२, देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. एक आदिवासी मजूर मुलगी, पोलीस स्टेशनात दोन पोलीस. (तिचं नाव सगळ्या पुस्तकांत आहे पण मी लिहीत नाही, कारण तिच्याच केसनंतर आलेल्या कायद्याने पीडितेचं नाव छापायला बंदी घातली.) सेशन्स कोर्टाने १९७४ मध्ये पोलिसांना सोडलं, मुलीला खोटारडी म्हटलं, तिला सवय होती म्हटलं. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये ते उलटवून शिक्षा दिली, त्यांनी एवढंच बघितलं की रात्री, ठाण्यात, वर्दीतल्या अनोळखी माणसांपुढे ती गप्प राहिली म्हणजे राजी होती असं कसं म्हणता. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत सोडलं, का तर अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचं पटत नाही. मग १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात मुलगी "माझी संमती नव्हती" म्हणाली तर कोर्टाने ते धरून चालायचं, आणि खटला बंद दाराआड.

पुढे २००३ पासून तिच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याची मुभा देणारं कलम गेलं. २०१३ पासून तिचे आधीचे संबंध संमतीच्या प्रश्नात गैरलागू. टू फिंगर टेस्टवर, म्हणजे तिला आधीची सवय आहे का हे बोटांनी तपासण्यावर, २०१३ मध्ये ताशेरे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी.

डोकी मात्र कायद्याच्या मागून चालतात, रमतगमत. जुलै २०२० मध्ये इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली की राखीपौर्णिमेला मिठाई घेऊन तिच्याच घरी जा, राखी बांधून घे आणि ओवाळणीचे अकरा हजार दे! १८ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं आणि बजावलं की जामिनाच्या अटीत आरोपीला तिच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, लग्न करा मिटवा सुचवायचं नाही, तिचे कपडे, वागणं, पूर्वायुष्य यावर शेरे नाहीत. तरीही मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टात अकरा वर्षांच्या मुलीच्या केसमध्ये पायजम्याची नाडी तोडणं हा बलात्काराचा प्रयत्न नव्हे असं लिहिलं गेलं. नऊ दिवसांत सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, बेंचवर आपले अमरावतीचे भूषण गवई होते.

तयारीचं सांगते. १६ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने जजांसाठी तीस पानांची एक पुस्तिका काढली, फुकट आहे, कोर्टाच्या वेबसाईटवर. त्यात स्पष्ट लिहिलंय की अत्याचारानंतर प्रत्येकजण वेगळं वागतो, कोणी रडतो, कोणी दगड होतो. सरकारी वकिलांना विनंती करा की युक्तिवादात ते पान जोडा.

आणि भाचीला एक फार बारीक गोष्ट शिकवा. साक्ष सहसा प्रश्नोत्तरात लिहीत नाहीत, ती बोलते आणि जज त्याचं वाक्य करून स्टेनोला सांगतात. एका केसमध्ये उलटतपासात वकिलाने विचारलं, त्या रात्री घरी जाऊन जेवलात? मुलगी म्हणाली, हो, जेवले. साहेबांनी टाईप करायला सांगितलं, "घटनेनंतर मी घरी जाऊन नेहमीप्रमाणे जेवले." मी सरकारी वकिलांच्या शेजारी बसले होते, एकदम उठून म्हटलं, साहेब, नेहमीप्रमाणे ती म्हणाली नाही. साहेब थांबले, त्यांना खरंच कळलं नव्हतं की तो शब्द त्यांचा आहे. मग तिलाच विचारलं. ती म्हणाली, आईने ताट वाढलं, मी दोन घास गिळले, मग मोरीत जाऊन ओकले. हे लिहिलं गेलं. त्या एका शब्दाच्या जागी एवढं सगळं होतं!

म्हणून साक्ष संपल्यावर वाचून दाखवतात किंवा वाचायला देतात तेव्हा घाई करायची नाही, बाहेर कितीही पुकारे होऊ देत. न बोललेला शब्द दिसला तर सही करायच्या आधी म्हणायचं, साहेब, हे मी म्हटलेलं नाही. घरी याची प्रॅक्टिस घ्या, स्वयंपाकघरात, हसतखेळत, तिने दहा वेळा मोठ्याने म्हणू दे. आणि "ओरडली का नाहीस" चं उत्तर पाठ करायचं नाही, जे झालं तेच सांगायचं, आवाज फुटला नाही तर आवाज फुटला नाही.

प्रश्न : जजविरुद्ध तक्रार करता येते का? (ठाणे)

उत्तर : खालच्या कोर्टांवर हायकोर्टाची देखरेख असते, तिथल्या रजिस्ट्रारकडे लेखी तक्रार जाते, शपथपत्र आणि पुरावा लागतो. निकाल पटला नाही ही तक्रार नव्हे, त्याला अपील. निकालातला एखादा शेरा अपमानास्पद असेल तर तेवढा काढून टाकायला हायकोर्टात जाता येतं. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून बायकांनी थांबू नये, उत्पन्न कितीही असो, स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, फोन १५१००.

पुढच्या अंकात वारसाहक्क आणि सात-बारा. पत्रासोबत कृपया मूळ कागद पाठवू नका, झेरॉक्स पाठवा, मागच्या महिन्यात एका काकूंनी चक्क लग्नाचा मूळ दाखला पाकिटात घातला होता, तो मी रजिस्टर पोस्टाने परत पाठवलाय, मिळाला का तेवढं कळवा.